किलीफिशच्या अंड्यांचे पाकीट: घ्यावे का, आणि कोणते घ्यावे

घरच्या टाकीत किलीफिश या लहानशा, रंगीत माशांची पैदास करू इच्छिणाऱ्याला आता दोन वाटा उपलब्ध आहेत. दुकानातून मोठ्या माशांची जोडी आणावी, किंवा ओलसर कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, जपलेली अंडी टपालाने मागवावीत. हे परीक्षण दुसऱ्या वाटेचे आहे. त्यासाठी मी दोन निरनिराळ्या ठिकाणांहून अंड्यांची पाकिटे घेतली. एक दक्षिण भारतातल्या एका घरगुती पैदासकाराकडून आले आणि दुसरे ऑनलाइन बाजारातल्या एका विक्रेत्याकडून. टपालखर्च धरून दोन्हींची किंमत पाचशे रुपयांच्या आसपास होती आणि दोन्हींवर पन्नास अंडी असल्याचे लिहिले होते. विक्रेत्यांची नावे मी देत नाही, कारण या छंदातले छोटे विक्रेते दरवर्षी बदलतात. पाकीट कसे पारखावे हे कळले, तर विक्रेता कोणीही असला तरी खरेदी फसत नाही.

माशाची अंडी कोरड्या टपालाने येऊ शकतात, हेच पुष्कळांना प्रथम पटत नाही. पण ही सोय विक्रेत्याने निर्माण केलेली नाही, ती त्या माशाच्या जीवनक्रमातच आहे. किलीफिशपैकी नॉथोब्रँकियस या कुळातले मासे पूर्व आफ्रिकेत पावसाळ्यापुरत्या साचणाऱ्या डबक्यांत राहतात. डबके आटले की सगळे मोठे मासे मरतात आणि तळाच्या मातीत पुरलेली अंडी पुढच्या पावसाची वाट पाहत जिवंत राहतात. या डबक्यांची माती बहुतेक ठिकाणी काळी, ओली झाली की फुगणारी आणि वाळली की भेगाळणारी असते, म्हणजे आपल्या दख्खनच्या कापसाच्या जमिनीच्याच जातीची. अशी माती वरून तडकली तरी आत ओल धरून ठेवते, आणि अंड्याला तेवढीच ओल पुरते. पाकिटातले कोकोपीट त्या मातीची जागा घेते. ते हलके असते, त्यातून अंडी वेचता येतात आणि त्यात बुरशी सहसा लवकर धरत नाही, एवढाच त्याचा उपयोग.

मी निवडलेली जात नॉथोब्रँकियस ग्युन्थेरी ही होती. हा मासा केवळ झांझिबारच्या उंगुजा बेटावर आढळतो. १८९३ साली प्राणिशास्त्रज्ञ फेफर यांनी त्याचे वर्णन केले आणि ब्रिटिश म्युझियममधले मत्स्यशास्त्रज्ञ आल्बर्ट ग्युन्थर यांचे नाव त्याला दिले. झांझिबारला वर्षातून दोनदा पाऊस येतो, मार्च ते मे मोठा ‘मसिका’ आणि ऑक्टोबर ते डिसेंबर लहान ‘वुली’, आणि या माशाचे सारे वेळापत्रक त्या पावसांवर बेतलेले आहे. नर जेमतेम पाच सेंटिमीटरचा, निळसर हिरव्या अंगावर खवल्यांच्या लाल कडांचे जाळे असलेला आणि विटकरी लाल शेपटीचा असतो. मादी करड्या रंगाची व साधी असते. टाकीत तो साधारण वर्षभर जगतो. याच कुळातला, झिम्बाब्वेच्या गोनारेझू भागातला नॉथोब्रँकियस फुर्झेरी त्याहूनही अल्पायुषी आहे. त्याचे काही वाण प्रयोगशाळेत अवघ्या काही महिन्यांत म्हातारे होतात, म्हणून जर्मनीत येना आणि कोलोन इथल्या वार्धक्यावर संशोधन करणाऱ्या संस्थांमध्ये तो पाळला जातो. काही विक्रेते फुर्झेरीची अंडीही देतात, परंतु पहिल्यांदा पैदास करणाऱ्याने ग्युन्थेरीपासूनच सुरुवात करावी. त्याची अंडी तुलनेने लवकर तयार होतात, पिल्ले दणकट असतात आणि मोठे मासे पाण्याच्या बाबतीत फारसे हट्टी नसतात.

आता पाकिटांकडे वळतो. घरगुती पैदासकाराचे पाकीट म्हणजे जाड प्लास्टिकची लहानशी बंद पिशवी होती. आत मूठभर कोकोपीट आणि पिशवीला चिकटवलेली हाताने लिहिलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर जातीचे पूर्ण शास्त्रीय नाव, मूळ मासे जिथून गोळा केले गेले त्या ठिकाणाचा संकेत, अंडी टाकीतून काढल्याची तारीख, त्यानंतर ती कोणत्या तापमानाला ठेवली होती याची नोंद आणि पाण्यात घालण्याचा अंदाजे आठवडा, एवढे सगळे होते. सोबत आर्टेमियाच्या, म्हणजे पिल्लांना खाऊ घालायच्या खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या सूक्ष्म जीवाच्या, अंड्यांची एक कुपी आणि दोन परिच्छेदांच्या मराठीत नसलेल्या, पण स्पष्ट सूचना होत्या. ही चिठ्ठी पाहूनच मला विक्रेत्याविषयी विश्वास वाटला, आणि पुढे तो खरा ठरला.

चिठ्ठीला मी इतके महत्त्व का देतो, हे थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. ठिकाणाचा संकेत म्हणजे देशाची अक्षरे, गोळा केल्याचे वर्ष आणि त्या सफरीतल्या ठिकाणाचा अनुक्रमांक. नवख्याला तो निरर्थक वाटतो. पण वेगवेगळ्या डबक्यांतले मासे दिसायला एकसारखे असूनही वेगळ्या जातीचे असू शकतात, हे या कुळात वारंवार सिद्ध झाले आहे. नॉथोब्रँकियस रॅकोवी या नावाने ज्या माशांची पैदास जगभरातले हौशी लोक कित्येक वर्षे करत होते, त्यांत प्रत्यक्षात आणखी दोन जाती दडलेल्या होत्या. २०१० साली त्या पिएनारी आणि क्रिझानोवी या नावांनी वेगळ्या काढण्यात आल्या. ज्यांनी ठिकाणाचा संकेत पिढ्यान्‌पिढ्या जपला होता, त्यांना आपल्याकडे कोणती जात आहे हे त्याच दिवशी समजले. ज्यांनी तो टाकून दिला होता, त्यांच्या टाकीतल्या माशांची ओळख कायमची गेली. त्यात भर म्हणजे माद्या एकमेकींसारख्या दिसतात, त्यामुळे जाती एकदा मिसळल्या की पुन्हा निवडून काढता येत नाहीत.

ऑनलाइन बाजारातून आलेले दुसरे पाकीट या कसोटीवर पूर्णपणे नापास होते. वेष्टनावर पाच-सहा झळझळीत माशांची छायाचित्रे होती, आणि त्यांतले निदान दोन एकाच कुळाचेही नव्हते. त्याखाली केवळ ‘मिश्र रंगीत किलीफिश अंडी’ असे छापलेले होते. जात नाही, ठिकाण नाही, तारीख नाही. जाती मिसळून विकणे हे या छंदात सर्वांत मोठे नुकसान करणारे काम आहे, आणि ते वेष्टनावर अभिमानाने छापलेले पाहून मला वाईट वाटले. आतले कोकोपीट इतके वाळलेले होते की पिशवी उघडताच धूळ उडाली. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली ते पसरून पाहिले, तेव्हा बहुतेक अंडी आत चेपलेली दिसली आणि काही केवळ पांढरी, अपारदर्शक टरफले होती. पाण्यात घातल्यावर त्यातून एकही पिल्लू बाहेर आले नाही. विक्रेत्याने पैसे परत केले नाहीत. जिवंत वस्तूची हमी नसते, असे त्याचे उत्तर होते.

ओलाव्याचा मुद्दा यावरून लक्षात यावा. अंड्यांचे कोकोपीट मळलेल्या तंबाखूइतके ओलसर असावे. मुठीत दाबल्यावर पाणी गळू नये आणि मूठ उघडल्यावर ते मोकळे व्हावे. याहून ओले असेल तर अंडी सडतात किंवा अवेळी फुटतात, याहून कोरडे असेल तर ती चेपतात. पिशवी हाती येताच न उघडता प्रकाशासमोर धरावी. आतल्या बाजूला थेंब जमून ओघळत असतील तर ओल जास्त आहे, आणि कोकोपीट पिशवीला अजिबात न चिकटता सुटे हलत असेल तर ती कमी आहे. पहिल्या पाकिटात ओल अगदी योग्य होती.

त्यानंतरचा काळ हा वाट पाहण्याचा असतो, आणि या पाकिटाचा खरा गुण इथे दिसतो. ग्युन्थेरीच्या अंड्यांना चोवीस-पंचवीस अंशांवर साधारण तीन ते चार महिने लागतात. उष्ण खोलीत हा काळ कमी होतो, थंडीत लांबतो, म्हणूनच विक्रेत्याने तापमान लिहिलेले असणे गरजेचे असते. अंड्यातल्या गर्भाची वाढ सलग होत नाही. ती तीन निरनिराळ्या टप्प्यांवर थांबू शकते. अगदी सुरुवातीला, मध्यावर, आणि पिल्लू पूर्ण तयार होऊन बाहेर पडण्याच्या आधी. एकाच दिवशी घातलेली अंडीही एकाच वेळी तयार होत नाहीत, कारण निसर्गात पहिला पाऊस फसवा निघाला तर सगळीच पिल्ले बाहेर पडून मरू नयेत, काही अंडी मागे राहावीत, अशी ही व्यवस्था आहे. खरेदीदाराने हे समजून घेतले नाही तर तो उगाच निराश होतो. भिंगातून पाहताना ताजे अंडे काचेसारखे स्वच्छ दिसते, मग त्यात गडद पट्टा येतो आणि शेवटी काळ्या बाहुलीभोवती सोनेरी कडा असलेले दोन डोळे स्पष्ट दिसू लागतात. असे डोळे बहुसंख्य अंड्यांत दिसू लागले की पाकीट पाण्यात घालायला तयार झाले. चिठ्ठीवर लिहिलेल्या आठवड्यापेक्षा या डोळ्यांवर अधिक विश्वास ठेवावा. पहिल्या पाकिटाच्या बाबतीत मात्र दोन्ही जवळपास जुळले, याचे श्रेय विक्रेत्याच्या काटेकोर नोंदीला आहे.

पाण्यात घालण्यासाठी उथळ, रुंद भांडे घ्यावे. पाण्याची खोली पाच-सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, कारण पिल्लांना पहिल्याच दिवशी पृष्ठभागाशी येऊन हवेने वाताशय, म्हणजे तरंगायला मदत करणारी पोटातली पिशवी, भरून घ्यावा लागतो. ज्यांना ते साधत नाही ती पिल्ले पोटावर घसरत तळाशीच राहतात आणि वाचत नाहीत. पाणी क्लोरीनमुक्त आणि थंड, साधारण अठरा ते वीस अंशांचे असावे. थंड पाण्याने अंडी फुटायला चालना मिळते, असा पैदासकारांचा सार्वत्रिक अनुभव आहे. कोरड्या खाद्याची चिमूटभर पूड टाकली तर तिच्यावर वाढणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू कमी करतात, आणि त्यानेही तयार पिल्ले बाहेर पडतात. पहिल्या पाकिटातली पिल्ले काही तासांतच दिसू लागली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोकोपीटच्या वर केसासारख्या बारीक, पण चांगल्या चपळ पिल्लांची गर्दी होती. निम्म्याहून बरीच अधिक अंडी त्या पहिल्या खेपेतच फुटली. उरलेले कोकोपीट गाळून, पुन्हा ओलसर वाळवून, काही आठवड्यांनी परत भिजवले तेव्हा आणखी पिल्ले मिळाली. विक्रेत्याच्या सूचनांमध्ये दुसऱ्यांदा भिजवण्याचा हा उल्लेख होता, आणि अनेक विक्रेते तो करत नाहीत, म्हणून त्याची मुद्दाम नोंद करतो.

सोबत दिलेल्या आर्टेमियाबद्दल मात्र माझी थोडी तक्रार आहे. कुपीतली अंडी चांगल्या प्रतीची होती, पण ती जेमतेम आठवडाभर पुरतील एवढीच होती, आणि पिल्लांना निदान तीन-चार आठवडे रोज ताजे जिवंत खाद्य लागते. त्यामुळे पाकीट मागवण्याआधीच आर्टेमियाचा वेगळा डबा घरात असला पाहिजे. लिटरभर पाण्यात साधारण पंचवीस ग्रॅम मीठ, सव्वीस-सत्तावीस अंश तापमान, सतत हवा आणि प्रकाश एवढे दिले की चोवीस ते छत्तीस तासांत आर्टेमिया बाहेर पडतात. त्या प्रकाशाकडे जमतात, त्यामुळे रिकाम्या टरफलांपासून त्या सहज वेगळ्या करता येतात. टरफले पिल्लांच्या पोटात गेली तर आतडे तुंबते. गोड्या पाण्याने धुऊन मगच त्या टाकीत घालाव्यात. डबा उघडल्यावर हवाबंद करून फ्रिजमध्ये ठेवला नाही, तर दमट हवेत, विशेषतः कोकण किनारपट्टीवर, त्याची उगवणक्षमता झपाट्याने घसरते.

पिल्लांची वाढ पाहण्याजोगी असते. चार-पाच आठवड्यांत नरांवर रंग चढू लागतो आणि साधारण दोन महिन्यांत मासे स्वतः अंडी घालू लागतात. या काळात मुख्य भीती मखमली रोगाची. अंगावर बारीक सोनेरी भुकटी पसरल्यासारखी दिसते, पर मिटले जातात आणि मासे दोन दिवसांत दगावतात. दर चार-पाच लिटरला एक चमचा साधे, आयोडीन नसलेले मीठ आणि नियमित पाणी बदलणे, हा उपाय आधीपासूनच केलेला बरा. दख्खनवरचे बोअरवेलचे मध्यम जड पाणी या माशांना मानवते, त्यामुळे पाण्यावर फार प्रक्रिया करण्याची गरज नाही. पैदाशीसाठी एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवाव्यात आणि झाकणाला भोक पाडलेल्या लहान प्लास्टिकच्या डब्यात दोन-तीन सेंटिमीटर कोकोपीट घालून तो डबा तळाशी ठेवावा. नर मादीला पाठीच्या पराने कवटाळून तळाशी दाबतो आणि दर खेपेला एक अंडे त्यात पुरले जाते. एक-दोन आठवड्यांनी कोकोपीट गाळून, पिळून, वर्तमानपत्रावर पसरून योग्य तेवढे वाळवले की आपले स्वतःचे पाकीट तयार होते. बाजारातले कोकोपीट विटांच्या स्वरूपात येते आणि नारळाच्या काथ्यात अनेकदा खारेपणा असतो. ते उकळून, पाण्याचा रंग फिका होईपर्यंत धुऊन मगच वापरावे.

ज्यांना एवढी वाट पाहणे जमणार नाही, त्यांनी हे पाकीट घेऊ नये. त्यांच्यासाठी नायजेरिया-कॅमेरूनमधला फंड्युलोपँचॅक्स गार्डनेरी चांगला. तो टाकीत सोडलेल्या लोकरीच्या झुपक्यात अंडी घालतो आणि ती पाण्यातच दोन-तीन आठवड्यांत फुटतात. आपल्याच भागातला किलीफिशही विसरू नये. दुकानात ‘गोल्डन वंडर’ म्हणून मिळतो तो ॲप्लोकायलस लिनिएटसचा सोनेरी वाण आहे, आणि या जातीचे पहिले वर्णन १८४६ साली मुंबईतल्या नमुन्यांवरून झाले. पश्चिम किनाऱ्याच्या ओढ्यांत तो आजही सापडतो, झाडांच्या मुळांत आणि पाणवनस्पतींत चिकट अंडी घालतो, आणि त्याला कोरडा काळ लागत नाही. माझ्या मते आफ्रिकेतल्या माशांकडे वळण्याआधी प्रत्येक मराठी हौशी पैदासकाराने एकदा तरी याची पिल्ले वाढवावीत.

किमतीचा विचार केला तर पहिले पाकीट स्वस्त आहे, असेच मी म्हणेन. त्यातून मिळालेल्या माशांनी जितकी अंडी दिली, ती विकत घ्यायची झाली तर त्याच्या कितीतरी पट पैसे पडले असते, आणि टपालातल्या प्रवासात एकाही जिवंत माशाचे हाल झाले नाहीत. दुसरे पाकीट फुकट मिळाले तरी घेऊ नये. परदेशातल्या विक्रेत्याकडून थेट पाकिटात लपवून अंडी मागवण्याचा मोह काहींना होतो. आयातीसाठी परवाना आणि विलगीकरणाचे नियम आहेत, आणि माशांचे रोग देशात येऊ नयेत यासाठीच ते आहेत, म्हणून देशातल्या पैदासकाराकडूनच घ्यावे. मोठे झालेले मासे किंवा जास्तीची पिल्ले ओढ्यात, तळ्यात कधीही सोडू नयेत.

मागवण्याची वेळ ठरवताना उलटे मोजावे. पुण्या-नाशिककडे नोव्हेंबर-डिसेंबरात साध्या नळाचे पाणीच अठरा-वीस अंशांवर असते आणि मखमली रोगाचाही जोर कमी असतो, म्हणून अंडी पाण्यात घालण्यासाठी हे महिने सर्वांत सोयीचे. तेव्हा ताज्या अंड्यांचे पाकीट ऑगस्टच्या सुमारास मागवावे. विक्रेत्याकडे आधीच महिना-दोन महिने जुने पाकीट असेल तर ऑक्टोबरही चालेल, आणि यासाठीच विकत घेण्यापूर्वी चिठ्ठीवरच्या तारखेचे छायाचित्र मागून घ्यावे. एप्रिल-मे महिन्यांत मात्र काहीही मागवू नये, कारण टपालाच्या थैलीतली उष्णता चांगल्यातल्या चांगल्या पाकिटालाही सोसत नाही.